एक लाख केस आणि शंभर दिवस

तुमच्या डोक्यावर रोज साधारण ३५ मीटर केस तयार होतो. हिशेब सोपा आहे. डोक्यावर सुमारे १,००,००० केस, प्रत्येक केस दिवसाला जवळपास ०.३५ मिलिमीटर वाढतो असं धरू, गुणाकार ३५ मीटर. वर्षाला पावणेतेरा किलोमीटर. दादर ते अंधेरी हे लोकलचं अंतर याहून कमी आहे. आणि एवढ्या लांबीचं वजन? केसाची जाडी ०.०८ मिलिमीटर धरली तर दिवसाचं उत्पादन पाव ग्रॅमच्याही आत भरतं, वर्षभराचं ८५ ग्रॅमच्या आसपास.

हे काम दिवसरात्र चालू असतं आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो. पत्ता लागतो तो केस गळायला लागल्यावर. फणीत अडकलेला पुंजका, मोरीच्या जाळीवरचा गोळा, उशीवरचे चार-सहा केस पाहिले की भलेभले हाय खातात. एखाद्या आजारानंतर, बाळंतपणानंतर किंवा घरातल्या मोठ्या धक्क्यानंतर ही गळती सुरू झाली तर त्या माणसाला दुहेरी मार बसतो, आणि वर "टेन्शन घेऊ नकोस, म्हणजे गळणार नाहीत" असा सल्ला ऐकावा लागतो. मला हा सल्ला निर्दय वाटतो. तो चुकीचाही आहे, कारण आज गळणारा केस आजच्या काळजीमुळे गळत नसतो. केस किती गळाले, हा प्रश्न सगळेच विचारतात. ते डोक्याच्या कोणत्या भागातून गळाले आणि त्याच्या शंभर दिवस आधी काय घडलं होतं, हे दोन प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही. उत्तर बहुतेक वेळा तिथेच असतं.

आधी भांडवल मोजू. अंगभर मिळून केसांची सुमारे ५० लाख मुळं असतात, त्यातली लाखभर डोक्यावर. ही सगळी मुळं आईच्या पोटातच, पाचव्या महिन्याच्या सुमारास तयार झालेली असतात. जन्मानंतर बाळाचं डोकं वाढतं, कातडी पसरते, मुळं मात्र तेवढीच राहतात. त्यामुळे दर चौरस सेंटिमीटरमागची दाटी वयाबरोबर कमी होत जाते. मोठ्या माणसाच्या डोक्यावरची केसाळ त्वचा ६०० ते ७०० चौरस सेंटिमीटर भरते, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सरासरी दीडशे केस. लाखाचा आकडाही माणसागणिक हलतो. सोनेरी केसांच्या लोकांत तो दीड लाखापर्यंत जातो, लाल केसांच्या लोकांत नव्वद हजारांच्या आसपास राहतो. आणि एकाच डोक्यावरही दाटी सगळीकडे सारखी नसते. माथ्यावर केस दाट असतात, कानशिलांवर विरळ. कानशिलांवरचा केस बारीक असतो आणि किंचित सावकाश वाढतो. हा फरक लक्षात ठेवावा, पुढे तो महत्त्वाचा ठरणार आहे.

प्रत्येक मुळाचं स्वतःचं वेळापत्रक असतं. दोन ते सहा वर्षं केस वाढतो. मग दोन-तीन आठवड्यांत मूळ आकसतं आणि केसाचा पुरवठा तुटतो. त्यानंतर सुमारे शंभर दिवसांचा विसावा. या विसाव्यात केस डोक्यावरच असतो, बाहेरून काहीच कळत नाही, पण त्याची वाढ थांबलेली असते. मग त्याच मुळातून नवा केस वर येऊ लागतो आणि जुना गळतो. कोणत्याही दिवशी डोक्यावरचे ८५ ते ९० टक्के केस वाढीत असतात आणि १० ते १५ टक्के विसाव्यात.

यातली खरी करामत अशी की शेजारच्या दोन मुळांचं वेळापत्रक एकमेकांशी जुळत नाही. उंदराच्या अंगावर केसवाढीच्या लाटा येतात, एका पट्ट्यातली सगळी मुळं एकदम जागी होतात आणि एकदम विसावतात. माणसाच्या डोक्यावर तसं नाही. एसटीच्या डेपोत सगळे चालक एकाच दिवशी साप्ताहिक सुट्टीवर गेले तर गाड्या उभ्या राहतील. सुट्ट्या विखुरलेल्या असतात म्हणून प्रवाशाला कधी काही जाणवत नाही. तसंच डोक्यावर दहा हजार केस विसाव्यात असूनही कुठे मोकळी जागा दिसत नाही.

आता तो प्रसिद्ध आकडा: रोज शंभर केस गळणं नैसर्गिक. हा आकडा मुख्यतः भागाकारातून आला आहे. विसाव्यात १०,००० केस, विसावा १०० दिवसांचा, म्हणून रोज १००. पण प्रत्येक डोक्याला तो लागू पडत नाही. नेमकं गणित असं: डोक्यावरचे एकूण केस भागिले एका फेऱ्याचे दिवस. वाढीचा काळ १,००० दिवसांचा असेल तर विसाव्यासकट फेरा १,१०० दिवसांचा होतो आणि रोज ९१ केस गळतात. वाढीचा काळ २,००० दिवसांचा असेल तर फेरा २,१०० दिवसांचा आणि गळती रोज ४८. म्हणजे जिचे केस कमरेपर्यंत वाढू शकतात, तिचे केस संख्येने कमी गळायला हवेत.

तरीही तिची गुंतवळ मोठी दिसते. ४८ केस, प्रत्येकी ६० सेंटिमीटर, एकूण २८.८ मीटर. तिच्या भावाचे ९१ केस, प्रत्येकी ४ सेंटिमीटर, एकूण साडेतीन मीटरांहून थोडे जास्त. केस निम्मे, गुंतवळ आठपट. डोळ्यांना लांबी दिसते, संख्या दिसत नाही. बायका गळतीच्या भीतीने आधी खचतात याचं एक कारण या साध्या गुणाकारात आहे. पूर्वी हीच गुंतवळ साठवून दारावर येणाऱ्या बाईकडून तिच्या बदल्यात भांडं किंवा फुगे घेतले जात. तेव्हा ती डोळ्यांसमोर साठत जायची आणि तिचं भय वाटत नसे.

एका राज्याचा हिशेब करून पाहू. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाखांहून जास्त होती. माणशी ९० धरले तर रोज १,००० कोटींहून अधिक केस गळतात. एकही माणूस आजारी नसताना, कुणाचंही काही बिनसलेलं नसताना.

मोजायचेच असतील तर त्याची एक शिस्त आहे. २००८ साली अमेरिकेत ६० निरोगी पुरुषांवर एक साधी चाचणी केली गेली. केस धुण्यापूर्वी, माथ्यापासून कपाळाकडे, ६० सेकंद विंचरायचं आणि पडलेले केस मोजायचे. २० ते ४० वयोगटात सरासरी १०.२ केस पडले, ४१ ते ६० वयोगटात १०.३. दोन पिढ्यांत फरक केसाच्या दशांशाइतका. विंचरण्याची दिशा ठरवून दिलेली आहे, कारण मागून पुढे विंचरलेले केस आणि पुढून मागे विंचरलेले केस डोक्याच्या वेगवेगळ्या भागांतले असतात. रोज दिशा बदलली तर रोजची मोजणी वेगळ्याच डोक्याची होईल.

मग ताणाने नेमकं काय होतं? १९६१ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी या गळतीचं सविस्तर वर्णन केलं आणि तिला टेलोजेन एफ्लुवियम हे नाव दिलं. जोराचा ताप, मोठी शस्त्रक्रिया, बाळंतपण, अतिरेकी उपास, जिवाला लागलेला धक्का: अशा एखाद्या प्रसंगी वाढीतल्या केसांचा एक मोठा गट वेळेआधीच विसाव्यात जातो. विसाव्यातलं प्रमाण १० टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर गेलं तर १०,०००चे २५,००० होतात. शंभर दिवसांच्या मुदतीने तेच २५,००० गळतात, रोज २५०.

जादाचे हे १५,००० केस आले कुठून? एरवी रोज नव्वदेक केस आपापल्या पाळीने वाढ थांबवून विसाव्यात जातात. १५,००० भागिले ९० म्हणजे सुमारे १६७ दिवस. पुढच्या साडेपाच महिन्यांत एकेक करून जाणारे केस त्या एका प्रसंगाने एकदम रांगेच्या पुढे आणले. ते कधीतरी गळणारच होते. मुळं तेवढीच आहेत, एकही कमी झालेलं नाही. ही गोष्ट घाबरलेल्या माणसाला कुणीतरी कागदावर आकडे मांडून सांगायला हवी, असं मला फार वाटतं.

फणीतला एक केस उचलून उजेडात धरला तरी याची खूण सापडते. विसावा संपवून गळालेल्या केसाच्या टोकाला पांढरट, टाचणीच्या डोक्याहूनही लहान अशी गाठ असते. लोक तिलाच मूळ समजतात आणि "मुळासकट गेला" म्हणून हादरतात. ती गाठ म्हणजे केसाचं सुकलेलं बूड असते. मूळ त्वचेत शाबूत असतं. वाढीतला केस ओढून काढला तर त्याचं टोक वेगळं दिसतं, गडद, ओलसर आणि भोवती चिकट आवरण असलेलं.

आणि आता जागेचा प्रश्न. हे जादाचे केस डोक्याच्या कोणत्या भागातून जातात? ताणाचा निरोप रक्तातून येतो आणि रक्त सगळ्या मुळांपर्यंत पोहोचतं. म्हणून ही गळती एका जागी थांबत नाही, ती पुढे, मागे, माथ्यावर, बाजूंना अशी सगळीकडे पसरलेली असते. माथ्यावरून ओंजळभर केस येतात आणि मानेवरचे जसेच्या तसे आहेत, असं फक्त ताणाने सहसा होत नाही. रुपयाएवढा गुळगुळीत गोल चट्टा पडला तर तीही ही गळती नव्हे, ती चाई. तिथे शरीराची संरक्षक यंत्रणाच मुळांवर उलटलेली असते.

तरीही आरशात बहुतेकांना पहिली विरळ दिसतात ती कानशिलं. गळती सगळीकडे सारखी असताना असं का व्हावं? हिशेबासाठी धरू की माथ्यावर चौरस सेंटिमीटरला २०० केस आहेत, प्रत्येकाची जाडी ८० मायक्रॉन. कानशिलावर १२०, जाडी ६० मायक्रॉन. दोन्हीकडून चौथा हिस्सा गेला. माथ्यावर १५० उरले, कानशिलावर ९०. उरलेले केस एकाशेजारी एक मांडले तर माथ्यावर १२ मिलिमीटर रुंदी भरते, कानशिलावर ५.४. चौरस सेंटिमीटरची बाजू १० मिलिमीटरची असते. माथ्याकडे चौथाई देऊनही त्वचा झाकायला पुरेसे केस शिल्लक आहेत. कानशिलाचं भांडवल मुळातच तुटपुंजं, तिथे तेवढीच टक्केवारी गेली की कातडी दिसू लागते. आकडे मी सोयीसाठी गोल घेतले आहेत, पण तत्त्व खरं आहे: टक्केवारी समान असली तरी दिसणं समान नसतं. डॉक्टर डेव्हिड व्हायटिंग यांनी १९९६ साली मध्यमवयीन बायकांमधल्या वर्षानुवर्षं चालणाऱ्या अशाच गळतीचं वर्णन केलं, तेव्हा दोन्ही कानशिलांवर मागे सरकलेली केसांची रेषा ही त्यांना दिसलेली ठळक खूण होती.



डॉक्टर ही गळती ओळखतात ते जागांची तुलना करूनच. सगळ्यात साध्या चाचणीत पन्नास-साठ केसांची बट चिमटीत धरून मुळापासून टोकापर्यंत हलकेच ओढतात. हे एका जागी न करता डोक्याच्या चार भागांत करतात: पुढे किंवा माथ्यावर, दोन्ही बाजूंना आणि मागे. चारही जागा मिळून २४० केस तपासले जातात, लाखातले अवघे पाव टक्का. दहा टक्क्यांहून जास्त केस हातात आले तर गळती चालू आहे असं परंपरेने मानलं जातं. २०१७च्या एका अभ्यासानंतर हा उंबरठा खाली आणून दोन केसांपर्यंतच निरोगी मानावं असंही सुचवलं गेलं. चारही जागी केस सैल निघाले तर संशय ताणाच्या गळतीकडे जातो. पुढे-माथ्यावर सैल आणि मागे घट्ट असेल तर आनुवंशिक टकलाकडे.

याहून बारकाईची चाचणी म्हणजे कपाळामागच्या आणि डोक्याच्या मागच्या भागातून पन्नासेक केस एका झटक्यात उपटून त्यांची टोकं सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. निरोगी माणसात पन्नासात पाचच्या आसपास केस विसाव्यातले निघतात. ताणाच्या गळतीत बारा-तेरा, आणि तेही दोन्ही जागी. आनुवंशिक विरळपणात पुढच्या नमुन्यात प्रमाण वाढलेलं आणि मागच्यात जवळपास ठीक. म्हणजे सगळा निर्णय सात-आठ केसांच्या फरकावर. पन्नासाच्या नमुन्यात दोन-तीन केस योगायोगानेही इकडेतिकडे होतात, म्हणून एका जागेच्या आकड्यावर शहाणा डॉक्टर विसंबत नाही.

पुढचा आणि मागचा भाग एवढे वेगळे का वागतात याचं उत्तर मुळांच्या स्वभावात आहे. न्यूयॉर्कचे डॉक्टर नॉर्मन ओरेंट्राइश यांनी १९५९ साली दाखवून दिलं की डोक्याच्या मागच्या भागातली मुळं काढून पुढे टकलावर लावली तरी ती मागच्यासारखीच वागतात, टिकून राहतात. मुळाचा स्वभाव मुळाबरोबर जातो, नव्या जागेचा त्याला उपसर्ग होत नाही. आजचं सगळं केसरोपण या एका निरीक्षणावर उभं आहे. पुढे १९९७मध्ये मार्टी सवाया आणि व्हेरा प्राइस यांनी मुळांमधली रसायनं मोजली. पुरुषी संप्रेरकाला तीव्र रूप देणारं विकर आणि त्या संप्रेरकाला पकडणारे ग्राहक, दोन्ही पुढच्या मुळांत मागच्यापेक्षा जास्त. उलट त्या संप्रेरकाला स्त्री-संप्रेरकाकडे वळवणारं अॅरोमाटेज हे विकर बायकांच्या पुढच्या मुळांत पुरुषांच्या पुढच्या मुळांहून सहापट. पुरुषांचं कपाळ मागे सरकतं आणि बायकांची पुढची रेषा बहुधा टिकून भांग मात्र रुंदावतो, त्यामागे ही सहापट असणार.

दोन्ही गळत्या एकाच डोक्यावर भेटतात तेव्हा गोंधळ होतो. एखाद्या बाईच्या भांगाशी वर्षानुवर्षं संथपणे विरळपणा येत असतो, पण माथ्याचं भांडवल मोठं असल्याने तो झाकलेला राहतो. मग डेंग्यू होतो, सगळीकडचे १५ टक्के जातात आणि भांग अचानक उघडा पडतो. ती म्हणते, तापाने टक्कल पाडलं. तापाने फक्त पडदा ओढला. सहा महिन्यांत कानशिलं आणि मागची बाजू भरून येतात, भांग पुरता भरत नाही. त्या वेळी मागच्या भागाकडे पाहून खरं निदान करता येतं, आणि वेळेवर केलं तर उपचारही होतो. म्हणून "ताणच आहे, जाईल" असं सांगून वर्षभर थांबवणं मला धोक्याचं वाटतं.

जागेचा आणि काळाचा सगळ्यात सुंदर धडा मात्र पाळण्यात असतो. दोन-तीन महिन्यांच्या बाळाचं डोकं मागून पाहा. मागच्या बाजूला केस गेलेला आडवा पट्टा दिसतो. घरात कुणीतरी म्हणतंच, उशीवर घासून गेले, मोहरीची उशी बदला. घासण्याचा हातभार असेल, पण मुख्य कारण पोटातलं आहे. गर्भाच्या डोक्यावरचे पहिले केस पुढून मागे अशा लाटेने विसाव्यात जातात. कपाळाकडचे आणि बाजूंचे जन्माआधीच बदललेले असतात. मागचा पट्टा मात्र जन्मापर्यंत वाढीतच राहतो, जन्माच्या सुमारास एकदम विसाव्यात जातो आणि आठ ते बारा आठवड्यांनी एकदम गळतो. आयुष्यात हा एकच काळ असा, जेव्हा माणसाचे केस उंदरासारखे लाटेने चालतात. त्यानंतर घड्याळं विखुरतात ती कायमची. जावळ काढेपर्यंत बहुतेक घरांत हा पट्टा भरूनही आलेला असतो.

आणि त्याच सुमारास आईचेही केस गळू लागतात. गरोदरपणाच्या उत्तरार्धात तिचे ९५ टक्क्यांपर्यंत केस वाढीत रोखलेले असतात, म्हणूनच तेव्हा वेणी दाट लागते. बाळंत होताच संप्रेरकं उतरतात, रोखून धरलेले केस एकत्र विसाव्यात जातात आणि तीनेक महिन्यांनी विसाव्यातल्यांचं प्रमाण २० टक्क्यांच्या पुढेही जातं. बाळाच्या डोक्यावरचा एक पट्टा आणि आईचं सगळं डोकं, दोघांचंही घड्याळ प्रसूतीच्या सुमारास लागलेलं, दोघांचीही गळती जवळपास एकाच हंगामात. बाळाचे गेलेले केस कुणी मोजत नाही. आईच्या मागे मात्र डिंकाच्या लाडवांपासून माक्याच्या तेलापर्यंत सगळे उपाय लागतात, आणि पुढच्या काही महिन्यांत गळती आपसूक ओसरली की श्रेय शेवटच्या तेलाला जातं.

शंभर दिवसांचा हा उशीर माणसाला सतत चकवतो. ऑगस्टमध्ये ताप आला, नोव्हेंबरमध्ये केस गळाले, तोवर ताप विसरला गेलेला असतो. मग दोष नव्या शाम्पूवर, बोअरच्या पाण्यावर, बदललेल्या गावावर.

ऋतूही यात भर घालतात. इंग्लंडमध्ये रँडल आणि एब्लिंग यांनी १४ पुरुषांचे केस १८ महिने मोजले, त्यांचा अहवाल १९९१ साली आला. मार्चमध्ये ९० टक्क्यांहून जास्त केस वाढीत, सप्टेंबरला ते प्रमाण सगळ्यात कमी. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये रोज सुमारे ६० केस गळत, हिवाळ्याच्या दुपटीहून जास्त. झुरिचमध्ये ८२३ बायकांच्या नोंदींतही विसाव्यातल्या केसांचं प्रमाण जुलैमध्ये सर्वाधिक निघालं. हे सगळं थंड देशांतलं आहे, ते आपल्या पावसाळ्यावर तसंच्या तसं चिकटवू नये. पण इंग्लंडमधला गळतीचा सर्वोच्च आकडाही शंभराला पोहोचत नाही, ही नोंद मोलाची आहे.

ताणाचा निरोप मुळापर्यंत नेमका कसा पोहोचतो, हे २०२१ साली हार्वर्डमधल्या या-चिए शू यांच्या प्रयोगशाळेने उंदरांत दाखवलं. ताणाचं संप्रेरक बनवणाऱ्या ग्रंथी काढून टाकल्यावर मुळांचा विसावा ६० ते १०० दिवसांवरून २० दिवसांच्याही आत आला आणि मुळं सुमारे तिप्पट वेळा वाढीत शिरली. त्याउलट संप्रेरक वाढलं की मुळाच्या तळाशी असलेल्या पेशी गॅस-६ नावाचं प्रथिन बनवणं थांबवतात, आणि त्याच्याविना मूळपेशी झोपून राहतात. झोपून राहतात, मरत नाहीत. ते प्रथिन पुरवल्यावर त्या पुन्हा जाग्या झाल्या. उंदराचं माणसाला लगेच लागू करता येणार नाही, पण मूळ शाबूत राहतं ही डॉक्टरांची जुनी खात्री या प्रयोगाने रसायनापर्यंत नेऊन दाखवली.

केस शंभर दिवस न थांबता तीन-चार दिवसांतच जाऊ लागले तर मात्र कारण वेगळं शोधायला हवं. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५मध्ये बुलढाणा जिल्ह्यात शेगाव परिसरात हेच घडलं. डोक्याला खाज, मग केस हातात, तीन-चार दिवसांत टक्कल. आधी संशय पाण्यावर आणि बुरशीवर गेला. विंचूदंशावरच्या कामासाठी प्रसिद्ध असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १८ गावांतल्या २७९ जणांची ही गळती तपासली आणि रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. ताणाने असं होत नाही हे केवळ दिवस मोजूनही सांगता येतं. ताण केसाला विसाव्यात पाठवतो आणि विसाव्याला वेळ लागतो. विष वाढीतल्या केसावरच घाव घालतं. कर्करोगाच्या काही औषधांनीही असंच होतं, दोन ते चार आठवड्यांत. तिथे सुरक्षित राहणारे फक्त विसाव्यातले दहा-पंधरा टक्के. त्या गावांतल्या मुलींना शाळेत डोकं झाकून बसायची पाळी आली असेल तर "टेन्शन घेऊ नका" हे वाक्य त्यांच्या तोंडावर फेकणं हा अन्यायच होता.

परत येण्याचा हिशेबही अंकांतच पाहावा. ऑगस्टमध्ये डेंग्यू झाला, दिवाळीच्या आसपास गळती जोरात, होळीपर्यंत ओसरली. गळालेल्या प्रत्येक केसाच्या जागी नवा केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर या वेगाने वर येत असतो. होळीला कपाळाच्या कडेला तीन-चार सेंटिमीटरचे आखूड केस उभे राहिलेले दिसतात आणि तेल लावूनही बसत नाहीत. केस तुटतायत, अशी तक्रार होते. त्यांची टोकं बोटांच्या चिमटीत धरून पाहावीत. तुटलेला केस टोकाला बोथट किंवा फाटका असतो, नवा केस निमुळता. पुढच्या गणपतीपर्यंत ते नऊ-दहा सेंटिमीटरचे होतात, कानामागे जेमतेम अडकतील एवढे. साठ सेंटिमीटरची वेणी पूर्वीइतकी जाड लागायला पाच वर्षं जातात, कारण ६० भागिले १२ म्हणजे पाच. तोवर वेणीचं टोक बारीक राहणार. ते बारीक टोक पाहून गळती अजून चालू आहे असं समजू नये. भांगाशी, कानशिलांशी आणि मानेवर, तिन्ही जागी बोट घालून नव्या केसांची लांबी पाहावी, आणि तिन्हीकडे ती जवळपास सारखी असेल तर डॉक्टरकडे जायची घाई नाही. भांगाशीच कमी असेल तर जावं.